लवंगांची डबी

अनंतदादा उल्हासनगरच्या एका दवाखान्यात सकाळीच वारले. मी पोचले तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. "दारू परत सुरू होती त्यांची," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगू नको म्हणायचे, ताई." दुःख मला नंतर झालं... आधी राग आला, आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

अंबरनाथच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात दादा पेशंट म्हणून आले, दारू सुटली आणि तिथेच कामाला लागले. घरी गेलेल्या पेशंटकडे फेऱ्या मारून तो पुन्हा घसरत नाही ना हे बघायचं, हे काम मला त्यांनीच शिकवलं. दारात पाऊल टाकताच दादा त्याला मिठी मारायचे. मला वाटायचं, केवढी माया. "माया आहेच गं, पण वास पण घेतो," ते हसून म्हणाले. "आणि भरदुपारी लवंग चघळत असला ना, तर दोनदा मिठी मारायची." त्यांचा नियम एकच: पाय घसरला तर आधी फोन, लाज नंतर. प्रत्येकाने आपला फोनचा माणूस निवडायचा. दादांनी मला निवडलं होतं. रोज संध्याकाळी फोन यायचा, "आज पण ठीक."

गेल्या वर्षी त्यांची दाढ दुखायला लागली आणि टेबलावर लवंगांची डबी आली. जगाची तोंडं हुंगत फिरणारे आम्ही, दातांच्या डॉक्टरांचा पत्ता देत बसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दादा, पाय घसरला याचा राग नाही. आमचं कामच ते आहे. पण रोज आठवणीने फोन करून खोटं बोलायची काय गरज होती?

परवा बदलापूरहून महेश आला. दादांनीच सावरलेला पोरगा, तिथेच कात्रपला राहतो. "दादांना जमलं, म्हणून मी टिकलोय ताई," तो म्हणाला. मला राहवलं नाही, मी खरं ते सांगितलं. त्याने विचारलं, "मग आता मी कोणाकडे बघू?" रोज संध्याकाळी मला फोन कर, एवढंच म्हटलं.

त्याच संध्याकाळी फोन आला. "ताई, आज ठीक आहे."

पूर्वी मला एवढं पुरायचं. "उद्या इथे ये," मी म्हणाले. "समोर बसून सांग."

"विश्वास नाय का माझ्यावर?"

दादांची डबी अजून त्यांच्या टेबलावरच आहे. तिच्याकडे बघत मी म्हणाले, "आहे ना रे." अगदी दादांसारखंच, सहज.