घुबडाचे कान आणि आमची लालबागची खोली

असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. आणि माझा राग आहे तो जिवंत माणसावर — माझ्या सख्ख्या भावावर.

लालबागला चाळीत आमची खोली, दुसरा मजला, जमीन अजून फळ्यांची. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. मागांच्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेले. हाक मारून उपयोग नाही, म्हणून आई ओट्यापाशी उभी राहून पाय आपटायची. फळ्या हादरल्या की बाबा वळायचे. गेल्या वर्षी आई गेली... पण बाबा वळतच राहिले. "तुझी आवस माका बोलावता," म्हणायचे आणि ओट्याकडे जायचे. दादाने ठरवून टाकलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय, वृद्धाश्रमात ठेवू. खोली भाड्याने द्यायची घाई झाली होती ना त्याला.

माझ्या कंपनीत ऐकू न येणाऱ्यांसाठी एक यंत्र बनतं. घुबडाचा एक कान जरा वर असतो, एक खाली. त्यावरून अंधारातही उंदीर नेमका कुठे खुडबुडतोय ते त्याला कळतं. तसेच दोन माइक, आणि आवाज येईल तिकडे वळणारा दिव्याचा बाण. खालच्यांचा मिक्सर, उंदीर, काहीतरी खरं कारण असेलच, ते दादाला दाखवावं म्हणून मी ते यंत्र बाबांच्या खोलीवर नेलं.

भर दुपारी दादासमोर टेबलावर ठेवलं. बाबा ओट्याकडे वळले, त्याच क्षणी बाणही वळला. तिथे कोणी नव्हतं. आम्हा दोघांना ना काही ऐकू आलं, ना पायाखाली जाणवलं. मी चिडून एका माइकमध्ये कापसाचा बोळा कोंबला. एका कानाने या यंत्राला दिशा कळूच शकत नाही, बाण विझायलाच हवा. बाबा पुन्हा वळले... बाणही.

दादाचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तरी म्हणाला, "बॅटरी बदल." आणि त्याच आठवड्यात, मी ऑफिसात असताना, बाबांना आश्रमात पोचवून आला. तिथे बाबा कुणाकडे वळत नाहीत, नुसते बसून असतात.

खोलीला मी माझं कुलूप ठोकलंय. ऑफिसात यंत्र उलटसुलट तपासलं, काही दोष नाही. परत खोलीत नेऊन त्याच टेबलावर ठेवलं. बाण अजून वळतो, पण ओट्याकडे नाही. आता तो दाराकडे वळतो.

का, ते मला सांगता येत नाही. डोळ्यांपुढे एवढंच येतं की आई दारात उभी राहून बाबांसाठी पाय आपटतेय, आणि दादा फोनवर अजून बॅटरीचंच बोलतोय. रविवारी बाबांना घेऊन मी त्या खोलीत राहायला जातेय. त्याने अडवून दाखवावं.