ताई पोहोचायच्या आत

मी डोंबिवलीत एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. गेल्या आठवड्यात ‘हेल फॉर लेदर’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगत होतो. मागचापुढचा विचार न करता, जीव खाऊन धावत सुटणं. एका मुलीने उदाहरण मागितलं. घोडेस्वाराचं एक पुस्तकी वाक्य फळ्यावर लिहून मी सुटका करून घेतली. खरं उदाहरण माझ्याच घरातलं होतं, पण ते वर्गात सांगण्यासारखं नाही.

दोन वर्षांपूर्वी, रविवारी सकाळी आई झोपेतच गेली. बायको तिच्या खोलीत चहा घेऊन गेली तेव्हा कळलं. ताई खडवलीला राहते. तिला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, “मी निघालेच. मी येईपर्यंत आईला हलवू नकोस रे.” मी बरं म्हटलं.

मग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. डॉक्टरांचा दाखला, गुरुजी, शववाहिनी, सामान, नातेवाइकांना फोन, सगळं मी नऊच्या आत उरकलं. सोसायटीतले लोक कौतुक करत होते आणि, सांगायला लाज वाटते, मला ते बरं वाटत होतं. कामातून डोकं वर काढलं असतं तर हॉलमध्ये निजवलेली आई दिसली असती. ते मला झेपणारं नव्हतं.

गाडी दारात आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, लेकीसाठी थांबायचं नाही का? मी म्हटलं, तिला किती वेळ लागेल काय सांगावं, ती थेट स्मशानातच येईल. खिशात ताईचा फोन वाजत होता. तो मी उचलला नाही. ती कल्याणला ट्रॅफिकमध्ये अडकली होती, हे नंतर कळलं.

ती आली तेव्हा चिता चांगलीच पेटली होती. तिच्या हातातल्या पिशवीत आईला नेसवायला आणलेली मऊ सुती साडी होती. चार लोकांत ती मला फाडून खाईल, अशी मी मनाची तयारी केली होती. ती नुसती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

मग तिने विचारलं, “चेहरा कसा होता रे तिचा?”

“शांत,” मी म्हणालो. “झोपल्यासारखा.”

तिने मान हलवली आणि डोळे पुसले. आजही आईचा विषय निघाला की ती सगळ्यांना तेच सांगते, शेवटी चेहरा अगदी शांत होता म्हणून. त्या सकाळी आईच्या तोंडात पाणी घालतानासुद्धा मी नजर दुसरीकडे ठेवली होती. तिचा चेहरा मी बघितलाच नाही.