विमा कंपनीचा शेजार

चौथीच्या वर्गाला मी ‘आमचे शेजारी’ असा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं होतं, “आमच्या खालच्या मजल्यावर विमा कंपनी राहते. तिला मुलं नाहीत. ती सकाळी येते आणि संध्याकाळी जाते. रविवारी ती कुठे असते ते आम्हाला माहीत नाही.” मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ वर्गाच्या दाराशी उभे राहिले. आत येण्याआधी त्यांनी उघड्या दाराची कडी सहज खालीवर करून पाहिली, नीट बसते ना म्हणून. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि तो वाजू नये म्हणून एका हाताने धरून ठेवला होता. निबंध त्यांनी सावकाश वाचला.

“यात चूक कुठे आहे, बाई?” ते म्हणाले. “शुद्धलेखनात आहे का?”

चूक नव्हतीच. शहराच्या त्या भागाला सगळे मध्यवस्ती म्हणत. मध्य होतं, वस्ती तेवढी नव्हती. बँका, वकिलांची ऑफिसं, मोठमोठ्या दगडी इमारती. कचेऱ्या सुटल्या की दुकानांची शटरं खाली यायची आणि चौकात कबुतरांशिवाय कोणी उरायचं नाही. त्यातल्या विमा कंपनीच्या इमारतीचे हे रखवालदार. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी कंपनीने त्यांना दोन खोल्या दिल्या होत्या. त्या अख्ख्या भागात रात्री झोपायला असणारं ते एकच कुटुंब. सगळे त्यांना किल्लीवाले म्हणत.

मुलीच्या आग्रहावरून मी एकदा त्यांच्या घरी गेले. “आमच्याकडे कधीच कोणी येत नाही, बाई,” असं तिने मला इतक्या सरळपणे सांगितलं होतं की नाही म्हणवेना. रुंद जिना, पितळी कठडा, प्रत्येक मजल्यावर काचेच्या केबिनी, आणि सगळ्यात वर एकदम वाळत घातलेले कपडे. मुलीची आई, म्हणजे आमच्या वहिनी, बोलक्या होत्या. बोलायला माणूस मिळाल्यावर तर मला हूं म्हणायलाही जागा मिळेना. फळीवर एक स्टीलची वाटी बाकीच्या भांड्यांपासून वेगळी ठेवलेली दिसली. मी सहज विचारलं.

“ती द्यायची वाटी,” वहिनी म्हणाल्या. “कोणी साखर मागायला आलं तर.”

“कोण येणार आहे?” किल्लीवाले म्हणाले. “विमा कंपनी?”

“येईल की. तिचीही संपत असेल कधी.”

“तिला मधुमेह आहे. सगळेच बसून काम करतात.”

“बघा बाई, लग्नाआधी मला सांगितलं, शहराच्या अगदी मधोमध घर आहे. मी म्हटलं, चला, माणसांत राहू. आता सहा वाजले की मी आणि कबुतरं.”

त्या हसत होत्या, पण वाटी घासलेली होती. न वापरलेलं भांडं कोणी उगाच घासत नाही.

तेवढ्यात सहा वाजले आणि किल्लीवाल्यांची फेरी सुरू झाली. तळमजल्यापासून एकेक मजला वर चढत यायचं, प्रत्येक मजल्यावर हाक द्यायची, “कोणी आहे का? बंद करतोय,” क्षणभर थांबायचं आणि त्या मजल्याचं मेन स्विच खाली ओढायचं. एकदा एक कारकून टेबलावर डोकं ठेवून झोपला होता, तो आत राहून गेला असता. तेव्हापासून हाक कधी चुकली नाही. उत्तर अर्थातच येत नसे. फक्त शेवटच्या मजल्यावरून हाक आली की वहिनी गच्चीच्या दारात जाऊन जिन्यात ओरडायच्या, “मी आहे. मला बंद करू नका.” हे रोजचं होतं. मुलगी मान वर न करता गृहपाठ करत राहिली.

पुढे कंपन्या शहराबाहेरच्या नव्या काचेच्या इमारतींत गेल्या. विमा कंपनीही गेली. “शेजार सुटला,” वहिनी म्हणाल्या. मुलगी लग्न होऊन दूरच्या उपनगरात गेली. इमारत रिकामी राहिली, तिच्यावर राखण मात्र हवी होती, म्हणून हे दोघं राहिले. रिकाम्या मजल्यांवरही हाक चालूच होती, आणि वरून उत्तरही. त्याच काळात वहिनी आजारी पडल्या. एका दुपारी त्यांना एकाएकी जास्त झालं, तेव्हा किल्लीवाले पाच मजले उतरून चौक ओलांडून औषधांच्या दुकानापर्यंत पळत गेले. वाटेत दार वाजवावं असं एकही दार नव्हतं. परत आले तोवर वहिनी गेल्या होत्या.

त्यानंतर दोनेक वर्षांत इमारतीभोवती बांबू बांधले गेले. बाहेरचा दगड, जिना आणि कठडा यांना हात लावायचा नाही, आतल्या कचेऱ्यांची घरं करायची, असं ठरलं होतं. मी निवृत्त झाले होते. बहीण आणि मी दोघींना पुरेल असं घर शोधत होतो, ते तिथेच मिळालं. आमचं स्वयंपाकघर म्हणजे जुनी कॅशियरची खिडकी. बहीण अजून मला तिथून ताट देताना “पुढचा नंबर” म्हणते.

किल्लीवाल्यांच्या गच्चीवरच्या खोल्या मात्र पाडल्या. तिथे एक मोठं घर झालं, परदेशात राहणाऱ्या कोणीतरी ते घेऊन ठेवलं. किल्लीवाले मुलीकडे राहायला गेले आणि रोज दोन बस बदलून कामावर येऊ लागले. त्यांना नव्या घरांसाठीही कामावर ठेवलं होतं, पण तेही वर्षभर बघू म्हणून. जिन्याखाली एक खोली रिकामी होती. ती मिळावी एवढीच त्यांची इच्छा होती.

“मुलगी नीट सांभाळत नाही का?” मी एकदा विचारलं.

“सांभाळते हो. फार सांभाळते.” ते जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत होते. तिसऱ्या मजल्यावर कोणाची तरी शिट्टी चालली होती, कुठे फोडणीचा आवाज झाला, चौथ्यावर दोन पोरं भांडत होती. “बाई, हिने सगळा जन्म याची वाट बघितली. आता हे आलंय, आणि संध्याकाळ झाली की मी बसमध्ये.”



सहाची हाक नव्या घरांतही चालू होती, फक्त स्विचला आता हात लावायचा नव्हता. घोटाळा झाला तो सवयीमुळे. थंडीचे दिवस, लवकर अंधारलेलं. सहा वाजले, किल्लीवाले तळमजल्यापासून निघाले. “कोणी आहे का? बंद करतोय.” क्षणभर थांबले आणि मेन स्विच खाली ओढलं. मग पहिला मजला. मग दुसरा. मग तिसरा. इतकी वर्षं खालच्या मजल्यांवरून हाकेला उत्तर आलं नव्हतं, त्यामुळे उत्तराची वाट बघायची असते हे त्यांचे कान विसरून गेले होते. तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर डोक्याला साबण लावून न्हाणीघरात उभे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सूनबाईंचा केक ओव्हनमध्ये बसला तो बसलाच. चौथ्यावर हाक देऊन त्यांनी स्विचकडे हात नेला तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला, तेव्हा ते एकेक स्विच परत वर करत खाली उतरले.

रविवारी खालच्या दालनात बैठक झाली. व्यवस्थापक म्हणाले, वय झालंय, आता एजन्सीचा माणूस आणि कार्डाने उघडणारं दार बरं. डॉक्टर म्हणाले, “माझी तक्रार नाही, पण पुढच्या वेळी केस धुवायच्या आधी मला कळवा.” थोडं हसू झालं. किल्लीवाले भिंतीशी उभे होते. त्यांनी कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला होता. निकाल लागल्यासारखा.

मग चौथ्या मजल्यावरच्या आजी बोलल्या. एरवी त्या बैठकीला येऊन डुलक्या काढतात. “बटणाला हात लावू देऊ नका त्यांना,” त्या म्हणाल्या. “पण हाक बंद करायची नाही. माझा मुलगा आठला येतो, सून नऊला. दिवसभरात ‘कोणी आहे का’ असं मला विचारणारा हा एकच माणूस आहे.”

“पण आजी, तुम्ही उत्तर का दिलं नाहीत मग?” व्यवस्थापक म्हणाले.

“दिलं होतं. यांना ऐकू कुठे येतंय.”

त्यावर फार चर्चा झाली नाही. स्विचच्या पेट्यांना कुलपं लागली. इमारतीत फक्त त्या कुलपांच्याच किल्ल्या किल्लीवाल्यांकडे नाहीत, यावरून त्यांची अजून चेष्टा होते. जिन्याखालची खोली त्यांना मिळाली. सामान आणलं त्या दिवशी मी मदतीला गेले होते. सामान ते कितीसं. एका गाठोड्यात ती वाटी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

फेरी रोज होते. सहाला हाक येते, “कोणी आहे का?” ‘बंद करतोय’ आता गळलंय. दारांमागून उत्तरं येतात. “आहे.” “आहोत, या.” “डॉक्टर आहेत, साबण नाही.” आजी तर साडेपाचपासून दाराशी खुर्ची घालून बसतात. किल्लीवाले आता प्रत्येक मजल्यावर उत्तर येईपर्यंत थांबतात.

पाचव्या मजल्यावरून पुढे गच्चीकडे जाणारा जिना आहे. वरच्या घराला कुलूप आहे, तिथे कोणी नाही हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. तरी तिथेही ते हाक देतात, थोड्या हलक्या आवाजात. आणि सगळ्यात जास्त वेळ तिथे थांबतात. आम्ही पाचव्यावरच राहतो. त्या वेळी बहीण आपणहून रेडिओ बारीक करते.

“आज हिला ऐकवायला हवं होतं,” एकदा उतरताना ते मला म्हणाले. “डॉक्टर काय म्हणाले ते.”

हल्ली किल्लीवाले जिन्याखालच्या खोलीत एकटेच राहतात. दार दिवसभर नुसतं लोटलेलं असतं, आणि वाटी बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असते.