लाल क्रेटमधली गाडी

गाडीचं नाव सांगत नाही. लांब बोनेट, पुढे गोल दिवे आणि सोफ्यासारखी मागची सीट एवढं म्हटलं की आमच्या पिढीला कळतं, आणि ज्याला कळत नाही त्याला नाव सांगूनही उपयोग नाही. हल्लीची पोरं तिला आपल्याकडची मसल कार म्हणतात. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, ते तिला नुसतं गाडी म्हणायचे. रस्त्यावरची बाकीची सगळी त्यांच्या लेखी वाहनं.

लातूरकडून पिंपरीत आल्यावर आण्णांनी काही वर्षं दुसऱ्यांचे टेम्पो चालवले आणि मग एका कारखानदारानं काढून टाकलेली ही गाडी घेतली. संत तुकाराम नगरात आम्ही दोन खोल्यांत दाटीनं राहायचो आणि ती दारात अशी ऐसपैस उभी असायची की पाहुण्यांना वाटावं, आम्हीच तिचे भाडेकरू आहोत. लग्नसराईत ती चाकणकडे नवरदेव घेऊन जायची. उरलेलं वर्ष ती पेट्रोल प्यायची आणि आई आण्णांना बोलायची. पुढे नवरदेवांना उंच गाड्या आवडायला लागल्या आणि ही ताडपत्रीखाली गेली. विकायचा विषय काढला की आण्णा ताटावरून उठायचे.

ताडपत्री निघाली ती आण्णांच्या डोळ्यांमुळे. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्वच्छच सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती औषधाच्या थेंबांवर टिकेल तेवढी टिकेल. दवाखान्याबाहेर मी रिक्षा बघत होते, तेव्हा आण्णा म्हणाले, "मला गाडी एकदा रस्त्यानं जाताना बघायचीय, माय. तेवढं दिसलं की झालं." आमच्याकडे लेकीला माय म्हणतात. या माणसानं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणून बसले.

मी चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला गाड्यांच्या रंगाची तपासणी करते, नवरा दुसऱ्या कंपनीत प्रेस शॉपला पत्रे दाबायच्या मशीनवर आहे. रोज एवढ्या नव्या गाड्यांना आमचे हात लागतात, तर एक जुनी गाडी म्हणजे काय मोठंसं, असं आम्हाला वाटलं. माज, दुसरं काय.

थेरगावच्या आमच्या सोसायटीत गाडी आणली आणि चेअरमनसाहेबांच्या पोटात दुखायला लागलं. पार्किंगमधल्या तेलाच्या डागावर त्यांनी भाषण दिलं. गाडीत तेव्हा थेंबभरही तेल नव्हतं, डाग त्यांच्याच स्कूटरचा होता, आणि हे मी चारचौघांत सांगितल्यावर गाडीचं तिथलं अन्नपाणी संपलं. मग नवऱ्याच्या ओळखीनं महाळुंग्यात एका शेतकरी भाऊंच्या पत्र्याच्या शेडात जागा मिळाली. भाऊंच्या शेतावर आता कंपन्या आहेत, पोरं त्याच कंपन्यांत शिफ्टला जातात आणि म्हशी विकल्यामुळे शेड मोकळं. भाडं किती, असं विचारलं तर त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आण्णांच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "हिच्यातनंच माजी वरात निघाली व्हती की." भाड्याचा विषय तिथंच मिटला. वरातीत गाडी बंद पडून नवरदेवालाच धक्का मारावा लागला होता, असंही त्यांनी सांगितलं. ते मात्र आण्णांना अजिबात आठवत नव्हतं.

त्यानंतर आमचा सुट्टीचा प्रत्येक गुरुवार त्या शेडात गेला. मागच्या सीटमध्ये उंदरांचा सुखी संसार निघाला. कार्बोरेटर साफ केला की इंजिन सुरू व्हायचं, आनंदाच्या भरात नवरा पेढे आणायला पळायचा आणि तो येईपर्यंत ते बंद पडलेलं असायचं. पेढे काय, वाया कशाला घालवायचे, म्हणून आम्ही ते खायचो. गाडी चालली नाही, पण नवऱ्याचं पोट सुटलं. दरवाज्यांची रबरं कुठंच मिळेनात, दुकानदार गाडीचं नाव ऐकूनच हसायचे. शेवटी एका टेम्पोची रबरं कापून बसवली. आण्णा खुर्ची टाकून शेजारी बसायचे आणि प्रत्येक नटाला दमानं, दमानं म्हणायचे. खरं सांगायचं तर मला ते दिवस फार आवडत होते. लहानपणानंतर आण्णा माझ्याशी एवढं बोललेच नव्हते.

गाडीचं चमकणारं सामान आण्णांनी स्वतः उतरवलं होतं. पुढची जाळी, दिव्यांच्या कड्या, दारांची हँडलं, सगळं पुसून, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी शेडातल्या एका क्रेटमध्ये ठेवलं. क्रेट मजबूत होतं म्हणून घेतलं. ते लाल होतं, याच्याशी त्यांना काय करायचंय? पण आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही कंपनीत जा, लाल क्रेट म्हणजे बाद माल. त्यातलं काही कुणी घ्यायचं नाही, ते भरलं की थेट भंगारात जातं. एका गुरुवारी मी आणि आण्णा आलो नव्हतो. नवऱ्यानं एकट्यानं शेड झाडलं आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याच्या टेम्पोत लाल क्रेट उचलून दिलं. आत काय आहे हे बघितलंसुद्धा नाही. लाल क्रेटमध्ये कुणी बघतं का, हे वर मलाच विचारलं. आण्णांना कंपनी माहीत नाही आणि आमच्या ह्यांना कंपनीशिवाय काही माहीत नाही.

पुढच्या गुरुवारी शेडात हे कळलं तेव्हा माझा पारा असा चढला की भाऊ घरातून बाहेर आले. आण्णा मात्र नुसते खुर्चीत बसून राहिले. त्यापेक्षा त्यांनी जावयाला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही तिघं कुदळवाडीत भंगाराची गोदामं पालथी घालत फिरलो. एका ठिकाणी जाळी सापडली, कोपरा दुमडलेली. दुसरीकडे कड्या मिळाल्या. हँडलं काही मिळेनात. माझे हात काळेकुट्ट झाले आणि मी नवऱ्याशी बोलणं टाकलं. तेवढ्यात ढिगाच्या पलीकडून आण्णांनी हाक मारली. हँडल सापडलं होतं. त्यांनी ते वर धरलं होतं आणि तोंडभर हसत होते.

ते कुठल्यातरी पिकअपचं हँडल होतं. लांबी वेगळी, आकार वेगळा, आणि काळं प्लास्टिकचं. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं माझ्याकडे. सकाळी घरातून निघताना आण्णा उंबऱ्याला अडखळले होते ते, चहा कपाबाहेर ओतला होता तो, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. थेंब रोज घालत होते, विचारलं की बरंय म्हणत होते. नवरा पुढं झाला, ते हँडल त्यांच्या हातातून घेतलं आणि म्हणाला, "हेच की, आण्णा." त्या एका वाक्यासाठी मी त्याला लाल क्रेट माफ केलं.

मग घाई सुटली. दुसरी हँडलं आम्ही भोसरीत करून घेतली, इंजिनही तिथंच दुरुस्त झालं. रंगही तिथल्याच एका गॅरेजात दिला, मूळचा गर्द मरून. रंगारी बिचारा भला माणूस, पण रंगाच्या पहिल्या हातात धूळ बसली होती आणि दुसऱ्या हाताला संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत ठिपके होते. दोन्ही वेळा मी परत करायला लावलं. सवयच तशी. तिसऱ्या वेळी मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर रंगाचा एक ओघळ आला होता. तो मला दारातूनच दिसला. कंपनीत असता तर मी लाईन थांबवली असती. इथं म्हटलं, मस्त झालंय, द्या गाडी.

निघायच्या दिवशी भाऊंच्या मालकिणीनं बोनेटला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. ठरलं असं की नवरा गाडी शेडातून काढून मोठ्या रस्त्यानं आणील आणि मी आण्णांना घेऊन वळणावर उभी राहीन, म्हणजे गाडी समोरून जाताना त्यांना दिसेल. आण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. रस्त्याला कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, टँकर यांची रीघ लागलेली, आवाजानं कान किटत होते.

गाडी आली. काय दिसत होती म्हणून सांगू. नवरा आमच्यासमोर अगदी हळू झाला, हसला, हात केला आणि पुढं गेला. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि आण्णांकडे बघितलं. ते अजून रस्त्याच्या वरच्या बाजूला बघत होते, मान थोडी पुढं काढून.

"कुठं अडकला म्हणावं हा?" ते म्हणाले.

मी त्यांचा दंड धरला. तेव्हा त्यांनीच विचारलं, "गेली का समोरून?"

"गेली, आण्णा."

त्यांनी मान हलवली. वळवलेली मान सरळ केली, सदऱ्याची बाही ओढली. "बरं," ते म्हणाले, "आता बसून बघू."

नवरा पुढून वळून आला. त्याला मागच्या सीटवर बसवलं, मी चालवायला बसले आणि आण्णा माझ्या शेजारी. ही गाडी त्यांनी आजवर मला कधी हातात दिली नव्हती. देहूवरून तळवड्याला येईपर्यंत मी नाक पुसत होते आणि ते मला क्लच अर्धा दाबून ठेवू नकोस म्हणून झापत होते. इंजिन छान घुमत होतं. बंद पडलं नाही, एवढं तरी देवानं केलं.

तळवड्याच्या चौकात नेहमीसारखा खोळंबा. शिफ्ट सुटलेली पोरं दुचाक्यांवर मोबाईल बघत होती. बसमधली माणसं काचेला डोकं टेकून झोपली होती. आमच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. मागचा ट्रकवाला तेवढा पुढं सरक म्हणून हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"हा कशाला बोंबलायलाय?" आण्णांनी विचारलं.

"गाडी बघून," मी म्हटलं. मागून नवऱ्यानं जोरात हो म्हटलं.

मग आण्णा माझ्याकडे झुकून, मागच्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "लोकं बघायलेत का गं?"

"सगळे बघतायत, आण्णा."

"मग काच खाली घेतो," ते म्हणाले आणि केसांवरून हात फिरवून ताठ बसले.