लाल दिव्यावरची टिकली

भगवंत शिरपूरकडचा. सिल्वासात जिकडेतिकडे कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, त्या चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास तो एका सूत कारखान्यात जीप चालवायला आला आणि डोकमर्डीला खोली घेऊन राहिला. शिकलेला बेताचाच, बोलणंही कमी. पण त्याच्या गाडीत बसलं की पोटातलं पाणी हलत नाही, असं कारखान्यात सगळेच म्हणत. मॅनेजर प्रभाकरसाहेब मूळचे मालवणचे. त्यांच्या पाठीला जुनं दुखणं होतं, त्यामुळे ते दुसऱ्या कुणी चालवलेल्या गाडीत बसायचेच नाहीत. "अरे भगवंता, चल रे," असं ते ऑफिसच्या पायरीवरून म्हणायचे. त्या हाकेवर भगवंताचा दिवस जायचा. माणसाजवळ दुसरं काही नसलं, की असलं एखादं नावच त्याची इस्टेट होऊन बसतं.

त्या जीपला वयाबरोबर खोडी लागल्या होत्या. स्टिअरिंगसमोरच्या पाटीवरचे दिवे कारण नसताना पेटून राहायचे आणि रात्री डोळ्यांत खुपायचे. मग भगवंत बायकोच्या पाकिटातली एक मोठी टिकली घेऊन पेटलेल्या दिव्यावर चिकटवायचा. सिल्वासातले बरेच ड्रायव्हर तेच करत. कुणी चिकटपट्टी लावी, कुणी टिकली. पुढे जीप भास्करकडे गेली, तेव्हा ही युक्तीही भगवंतानेच त्याला शिकवली. भास्कर कारखान्यातला दुसरा ड्रायव्हर, साक्रीकडचा, वयाने बराच लहान. भगवंताला तो दादा म्हणायचा.

जीप भास्करकडे गेली, कारण शहाण्णव साली कारखान्याने साहेबांसाठी नवी मोटार घेतली आणि ती भगवंताच्या हाती दिली. पांढरी, बुटकी, आतून नव्या कापडाच्या वासाची. पोट जमिनीच्या इतकं जवळ, की पहिल्याच दिवशी भगवंत खाली वाकून बघून आला आणि म्हणाला की हिला आपल्या रस्त्यांची सवय नाही.

त्याची बायको जया त्या गाडीत कधी बसली नव्हती. एका रविवारी साहेब मुंबईला गेले होते. जयाची बहीण रांध्याला राहायची. बसने जायला निघालेल्या जयाला तो म्हणाला, चल, मी सोडतो. साहेबांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. तरी विचारलं नव्हतं, हे खरं.

जया पुढच्या सीटवर पदर सावरून बसली आणि रस्ताभर नुसती हसत राहिली. तिच्या हसण्याकडे बघण्यातच भगवंताचं लक्ष गेलं असावं. रांध्याच्या अलीकडे मोरीपाशी रस्त्यात दगड वर आला होता. जीपमधून तो त्याच्यावरून कितीदा गेला होता, आणि हात-पायांनी जीपच्याच हिशेबाने गाडी काढली. खालून खरवडल्याचा लांब आवाज आला.

तो उतरून गाडीखाली निजला. तेलाचं चेंबर घासलं होतं आणि बाजूला तेलाचा दाब सांगणाऱ्या स्विचची वायर चेपून लोखंडाला चिकटली होती. तेल गळत नव्हतं. गाडी चालू केली तर समोर तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा पेटला, तो विझेना. तेल मोजायची पट्टी काढून पाहिलं तर तेल बरोबर होतं.

"हे लाल कसलं?" जयाने विचारलं.

"काही नाही. वायर दबलीय. टिकली दे."

तिने कपाळावरचीच काढून दिली. देताना एवढंच म्हणाली, "साहेबांना सांगाल ना?"

सांगतो, म्हणाला. आणि सांगायचं मनातही होतं. पण सोमवारी साहेबांनी पायरीवरून हाक मारली, गाडीत बसताच डोळे मिटले, आणि भगवंताने गिअर टाकला. त्याने ठरवलं की आपणच वापीला जाऊन स्विच आणावा आणि बसवावा, बोभाटा कशाला. वापीत तो पार्ट मिळेना. मुंबईहून मागवावा लागेल म्हणाले. तो येईपर्यंत थांबू, असं म्हणून तो थांबला. घासलेल्या चेंबरला पुढे बारीक चीर गेली असावी, कारण सकाळी गाडीखाली तेलाचा एखादा थेंब दिसू लागला. तो रोज कुणी यायच्या आधी पट्टी बघायचा, कमी झालेलं तेल भरायचा आणि फरशी पुसून टाकायचा. चोराने स्वतःच्याच घरात पाऊल न वाजवता चालावं, तसं त्याचं झालं होतं.

मग गावाकडे पुतणीचं लग्न निघालं. तो रजेवर चालला, तेव्हा चावी भास्करकडे द्यायची ठरली. चावी देताना साहेब शेजारीच उभे होते. "रोज तेल बघत जा," एवढंच भगवंत बोलला. ते तर कुठलाही ड्रायव्हर कुठल्याही ड्रायव्हरला सांगतो. भास्कर मान डोलावून हसला. नव्या गाडीचं तेल रोज कोण बघतं?

भगवंत लग्नाहून परतला, तेव्हा गाडी गॅरेजात होती. किलवणीच्या रस्त्यावर इंजिन तेलावाचून जाम झालं होतं. साहेबांना तिथून ट्रकमध्ये बसून यावं लागलं आणि त्यांची पाठ धरली. मेकॅनिकने चेंबरची चीर दाखवली आणि दिव्यावरची टिकलीही दाखवली. साहेबांनी भास्करची जीप उघडून पाहिली. तिथे तसल्याच टिकल्या. मग विचारायला काय उरलं? ठोकर मारली भास्करने, आणि दिवा झाकलाही त्यानेच. त्याला महिनाअखेरीपर्यंत दुसरं काम बघायला सांगितलं होतं.

भगवंत तसाच, पिशवी हातात घेऊन, साहेबांच्या केबिनमध्ये गेला. म्हणाला, साहेब, गाडी मी घासली. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर माया आली.

"भगवंता, तुझं मन मोठं आहे. पण पोराचं पाप आपल्या डोक्यावर घेऊ नकोस. तुझ्या हातून गाडी घासेल, यावर कोण विश्वास ठेवील?"

इथे त्याने दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं. तो मान खाली घालून बाहेर आला. ऑफिसातले त्याच्याकडे अशा कौतुकाने बघू लागले, की त्याला कुठे तोंड लपवावं कळेना.

संध्याकाळी भास्कर डोकमर्डीला आला. दाराशी चपला काढून भगवंताच्या पाया पडायला वाकला. "दादा, माझ्यासाठी तुम्ही साहेबांसमोर खोटं बोलले. सख्खा भाऊ करणार नाही."

जया आत स्टोव्हपाशी होती. तिचा हात थांबला. भगवंताने भास्करचे खांदे धरून त्याला उभं केलं. त्याच्या डोळ्यांत बघणं मात्र जमलं नाही.

"खोटं नाही बोललो रे. गाडी मीच घासली. टिकलीही माझीच."

भास्करने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"आणि साहेब नाही म्हणाले, तर तुम्ही परत आले?"

भास्कर चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी भगवंत साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, माझ्यावर विश्वास नसेल तर दगड दाखवतो. पाठीला पट्टा बांधून साहेब जीपमध्ये बसले. गाडी भगवंताने चालवली, भास्कर मागे बसला. मोरीपाशी त्या दगडावर चेंबरचा पांढरट ओरखडा अजून होता. साहेब वाकू शकत नव्हते. उभ्या उभ्याच बघत राहिले. मग भगवंताने रविवारचं, जयाचं, रोज सकाळच्या तेलाचं, सगळं सांगितलं. आपलं बोलणं आपल्याच कानाला दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं.

परत निघताना तो सवयीने ड्रायव्हरच्या बाजूला गेला. साहेबांनी हात पुढे करून चावी मागितली आणि भास्करला दिली.

"तुम्ही मागे बसा," ते भगवंताला म्हणाले.

भगवंत मागच्या बाकावर बसला. भास्करचा हात जड होता आणि प्रत्येक खड्ड्याला साहेब दात आवळून कळ सोसत होते. पण गाडी हळू घे, असंही ते म्हणाले नाहीत. मागे वळून तर पाहिलंच नाही. कारखान्याच्या फाटकाशी भगवंत उतरला. भास्करची नोकरी राहिली, आणि भगवंताला सुताच्या खोक्यांचा टेंपो मिळाला.

घरी जयाने विचारलं, साहेब काय म्हणाले?

"काही नाही म्हणाले," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून निजला.