डबीतली पापडी

मी नाशिकच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझे वडील सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर मित्रांबरोबर राजस्थानला निघाले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, मला कठपुतळी नको. वाळवंटात जमिनीवर सूक्ष्मजीवांची काळपट पापडी धरते, ती दिसली तर थोडीशी आणा."

त्यांनी ती स्टीलच्या डबीत कापूस घालून आणली. "मित्र लय हसले," ते म्हणाले. "म्हणे, तुमच्याकडे माती मिळत नाही का?"

ती डबी मी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली. मग बाळंतपण झालं, प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर गेली आणि डबी विसरलेच. सहा वर्षांनी कपाट आवरताना ती हाताला लागली तेव्हा मला फार ओशाळल्यासारखं झालं. लगेच बाबांना फोन केला. अर्ध्या तासात ते मोटरसायकलवर हजर.

काचेच्या बशीत पापडीचा तुकडा ठेवून मी वर पाणी सोडलं आणि बशी खिडकीतल्या उजेडात ठेवली. आम्ही चहा घेतला. परत येऊन पाहतो तर काळ्यावर हिरवट झाक! सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे धागे अगदी सावकाश सरकत होते. बाबा भिंगावरून डोळा काढेनात.

"सहा वर्षं हे काय करत होतं?"

"काहीच नाही. नुसतं टिकून होतं."

मी समजावलं, की सुकायला लागताच हे जीव आपल्या पेशींत विशिष्ट साखर साठवतात. पाणी गेल्यावर ती आतल्या नाजूक गोष्टी मोडू देत नाही. बाहेरून चिकट आवरणही असतं.

"म्हणजे मशीन बंद ठेवताना आम्ही ग्रीस लावून झाकायचो, तसंच."

"तसंच. पण तरीही मोडतोड होते. पाणी मिळालं की हे जीव ती स्वतःच दुरुस्त करतात."

"स्वतःच मशीन, स्वतःच फिटर!" बाबा खूश होऊन म्हणाले.

असेच वाळवलेले जीव अंतराळस्थानकाच्या बाहेर ठेवून पाहिलेत, हे ऐकून ते खुर्चीत नीट बसले. वर मातीचा पातळ थर असला तर तिथल्या कडक उन्हातूनही काही वाचले, हेही मी सांगितलं. मंगळावर कधी जीव होते का, ते शोधणाऱ्यांना याचा उपयोग होतो.

"माझ्या डबीतलं पाठवायचं का?"

"नाही हो बाबा. पण मुलांना वाळवून-भिजवून पाहायच्या प्रयोगाला चालेल. फक्त सावकाश वाळवायला पेटी नाही आमच्याकडे."

पुढच्या शनिवारी ते ॲल्युमिनियमची पेटी घेऊन आले. आत बल्ब, मागे छोटा पंखा, झाकणाला रबर. मित्राच्या वर्कशॉपमध्ये स्वतः बनवली होती. मुलांनी त्यांच्याभोवती गर्दी केली आणि बाबा पंख्याचा वेग कमी-जास्त करून दाखवू लागले. मी शिकवायला उभी होते, पण त्या दिवशी मला कुणी काही विचारलंच नाही. मीही मागच्या बाकावर बसून ऐकत राहिले.