रांगोळीने दाखवलेली जागा

आज दारात रांगोळीची डबी उघडली. ती गार, खरखरीत भुकटी चिमटीत आली आणि वानखेडेबाईंची बोटं आठवली.

भिलाईच्या कारखान्यात मी नवीन होते, भट्टीच्या विटा लॅबमध्ये तपासायचे. वीट दोन आधारांवर ठेवून छोट्या हातोडीने ठोकायची आणि तिच्या कंपनांवरून ती आतून किती ताठ आहे ते मोजायचं. त्या दिवशी प्रत्येक वीट नुसती 'थप्' वाजत होती. अख्ख्या लॉटवर 'नापास' लिहायला मी पेन उचललं.

लॅबमधल्या मदतनीस वानखेडेबाई म्हणाल्या, "मॅडम, वीट काहून बोलून नाही राहिली, सांगू? जिथं ती हालते, तिथंच तुमी तिले धरून ठेवलं."

त्यांनी वीट स्पंजवर ठेवली, पर्समधली रांगोळी तिच्यावर भुरभुरली आणि हळूहळू ठोकत राहिल्या. रांगोळी सरकत सरकत दोन रेषांत गोळा झाली. "इथं ती हालत नाही," म्हणत त्यांनी आधार बरोबर त्या रेषांखाली लावले. पुढच्या ठोक्याला वीट काशाच्या वाटीसारखी वाजली.

रिपोर्टात मी लिहिलं, 'आधारांची जागा दुरुस्त केली.' कोणी केली, ते आज लिहितेय.